मोटारीच्या सांध्यातील रबर

२०११ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. डिचोलीहून पणजीला परतत होतो. मयेच्या उतारावर ब्रेक दाबला आणि माझी जुनी मारुती ८०० सरळ रेषेत थांबण्याऐवजी एकदम उजवीकडे ओढली गेली. समोरून खनिजाने भरलेला ट्रक येत होता. त्याच्या चालकाने प्रसंगावधान राखून ट्रक कडेला घेतला, म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

गाडीने मला आगाऊ सूचना दिली नव्हती असे नाही. सहा महिने खड्ड्यातून जाताना पुढच्या बाजूने 'टक्' असा आवाज येत होता. टायर आतल्या कडेला झिजत होते. एका गॅरेजात शॉक ॲब्सॉर्बर बदलून झाले, चाकांचे अलाइनमेंटही दोनदा करून झाले, पण आवाज तसाच. शेवटी दोष निघाला तो बोटभर लांबीच्या एका रबरी नळकांड्यात. मेकॅनिक मंडळी त्याला 'बुश' म्हणतात.

आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चा असते. ती झिजली की हाडावर हाड घासते आणि माणूस लंगडू लागतो. मोटारीचे चाक ज्या लोखंडी भुजेला जोडलेले असते, तिचा आतला सांधा गाडीच्या सांगाड्याला एका बोल्टने अडकवलेला असतो. या सांध्यात धातूवर धातू येऊ नये म्हणून हे बुश. त्याच्या आत एक लोखंडी नळी, बाहेर दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बाहेरची नळी भुजेच्या भोकात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्टने सांगाड्याशी आवळली जाते. चाक वर-खाली झाले की भुजा फिरते. पण येथे काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. म्हणूनच त्याला वंगण लागत नाही. पूर्वीच्या गाड्यांना ठिकठिकाणी ग्रीसचे निपल असत आणि ठराविक अंतरानंतर ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरावे लागे. रबराने ते काम संपवले.

हे रबर कच्चे असते तर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ झाले असते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ मध्ये गंधकाबरोबर रबर तापवून त्याला टिकाऊ लवचिकपणा आणला, आणि मगच ते यंत्रांच्या कामाचे झाले. डिचोलीहून दोडामार्गकडे गेलात तर रबराच्या बागा दिसतील. झाडाला वाटी बांधून जमवलेला तो पांढरा चीक म्हणजे आपल्या बुशाचा पूर्वज. मात्र नैसर्गिक रबराला दोन शत्रू आहेत. हवेतील ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, आणि खनिज तेल त्याला फुगवून मऊ करते. इंजिनातून गळणारे ऑइल बुशावर ठिबकत असेल तर बुश बदलण्याआधी ती गळती बंद करावी.

आता निदानाबद्दल. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावावे. पुढची बाजू उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. आपल्याकडे चिरा सहज मिळतो म्हणून पुष्कळ जण गाडीखाली चिराच लावतात. कृपा करून असे करू नका. भिंतीत चिरा उत्तम भार घेतो, कारण तेथे भार सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. सांगाड्याच्या एका कडेचा भार त्याच्यावर एका रेघेत आला की तो तडकन फुटू शकतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर डोकेच काय, हातही घालू नये.

गाडी उचलल्यावर भुजा आणि सांगाडा यांच्या फटीत एक टॉमी घालून हलकेच रेटावे. चांगले बुश किंचित दबते आणि परत येते. गेलेले बुश ढिले हलते, रबर नळीपासून सुटलेले दिसते, कधी आतली नळी एका बाजूला टेकलेली असते. अलाइनमेंट का टिकत नव्हते ते मला येथे कळले. बिजागरीच हलत असताना दाराचे माप घेण्यासारखा तो प्रकार होता. ब्रेक लावताना चाक मागे ढकलले जाते, आणि सांधा ढिला असला की चाकाची दिशाच बदलते. मयेच्या उतारावर हेच घडले होते.

मारुती ८०० मध्ये स्प्रिंग उभ्या स्ट्रटवर बसवलेली असल्यामुळे खालची भुजा सोडली तरी स्प्रिंग उसळून येत नाही. या रचनेला मॅकफर्सन या अभियंत्याचे नाव आहे. १९५० साली इंग्लंडमधील फोर्डच्या गाड्यांतून ती प्रसिद्धीस आली. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या भुजेवरच टेकलेली असते, तेथे हा उद्योग घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमधली ऊर्जा जीव घेऊ शकते.

पुढची दोन्ही चाके एकदम उचलावीत, नाहीतर दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा पिळलेला राहतो आणि नट सुटताना झटका देतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच भेदक तेल सोडावे. गोव्याच्या खाऱ्या हवेत एवढा धीर धरावाच लागतो. दांड्याच्या टोकाचा नट, बॉल जॉइंट आवळणारा बोल्ट आणि आतल्या सांध्याचा बोल्ट काढला की भुजा हातात येते. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटू देऊ नये. जुने बुश जाळून काढण्याची पद्धत आहे, पण त्याचा धूर घातक असतो आणि उष्णतेने बॉल जॉइंटही बिघडतो. मी लांब बोल्ट, जाड वॉशर आणि सॉकेट यांचा दाबयंत्रासारखा उपयोग केला. बुशाच्या बाहेरच्या नळीएवढे सॉकेट एका बाजूला, बुश आत मावेल असे मोठे सॉकेट दुसऱ्या बाजूला, मध्ये बोल्ट; नट फिरवीत गेले की बुश सरकते. नवे बसवताना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नव्हे. दाब बाहेरच्या नळीवरच द्यावा. आतल्या नळीवर दिला तर रबर बसवतानाच फाटते. दांड्याच्या टोकाची स्प्लिट पिन नवीच घालावी.

येथवर मी सारे व्यवस्थित केले. नंतर गाडी स्टँडवर असतानाच, चाके लोंबकळत असताना, सगळे बोल्ट पूर्ण आवळून टाकले. हात धुतले, चहा घेतला, स्वतःवर खूष झालो. चौदा महिन्यांत बुशे पुन्हा फाटली!

वर्गात दरवर्षी पीळ आणि स्थितिस्थापकता शिकवणाऱ्या माणसाकडून हे व्हावे याची मला अजून लाज वाटते. आतली नळी ज्या क्षणी आवळली जाते, त्या क्षणीचा भुजेचा कोन हाच रबराच्या दृष्टीने विश्रांतीचा कोन ठरतो. समजा भुजा ३० सेंमी लांब आहे आणि चाक ८ सेंमी खाली लोंबते आहे. म्हणजे भुजा सुमारे १५ अंश कललेली. याच स्थितीत बोल्ट आवळला आणि मग गाडी जमिनीवर उतरवली, की रबर दारात उभ्या गाडीतही १५ अंश पिळलेले राहते. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ आणखी वेगळा. ताणलेल्या रबरावर ओझोन अधिक जोराने काम करतो हे वर आलेच आहे.

म्हणून बोल्ट आधी केवळ बोटाने घट्ट करावेत. मग चाके चढवून गाडी खाली उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलावी, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा. भुजा आपली नैसर्गिक जागा घेते. मी पुढच्या दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या रुंद फळ्या ठेवल्या, म्हणजे हात घालायला जागा झाली. गाडीचे वजन चाकांवर असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच, टॉर्क रेंचने बोल्ट आवळावेत. 'जेवढा जोर तेवढे चांगले' ही समजूत बरोबर नाही. अतिरेकाने बोल्टाचे आटे जातात.

दुसऱ्या खेपेचे हे काम मी २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, चवथीच्या आधीच्या रविवारी केले. त्याच महिन्यात खाणी बंद झाल्या आणि डिचोलीचे रस्ते एकाएकी रिकामे दिसू लागले. चवथीला पेडण्याला निघालो. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या अलीकडे मुद्दाम थांबलो, बोल्ट पुन्हा तपासले. एकही हलला नव्हता. रस्ता मोकळा पाहून दोनदा ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. सणानंतर अलाइनमेंट करून घेतले आणि टायरच्या आतल्या व बाहेरच्या कडेची खोली वहीत लिहून ठेवली. पुढच्या चवथीला पुन्हा मोजली तेव्हा दोन्ही कडा सारख्याच झिजल्या होत्या.