ट्रकचे लायसन्स, ट्रेलरचे स्टिअरिंग

न्हावा-शेवा बंदरातून चाळीस फुटी कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर कळंबोलीला द्रुतगती मार्गावर चढतो आणि पुढे त्याची गाठ बोरघाटाशी पडते. हे वाहन चालवायला कायदा काय मागतो? मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चालकाचे वय किमान २० हवे. हलक्या वाहनाचा परवाना मिळून वर्ष झाल्याशिवाय मालवाहतुकीचे शिकाऊ लायसन्स निघत नाही. शिवाय डॉक्टरांचा दाखला, ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. चाळणी बारीक वाटते, पण तिला एक मोठे भोक आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मध्यम आणि अवजड वाहनांचे स्वतंत्र वर्ग मोडून सगळ्यांना ‘परिवहन वाहन’ या एकाच वर्गात घातले. ट्रेलरसाठी वेगळी पायरी उरली नाही, ती पुन्हा आणायला हवी.

कारण ट्रेलर म्हणजे नुसता लांब ट्रक नव्हे. पुढचा घोडा आणि मागची ट्रॉली सांध्यावर वळतात. मागे घेताना ट्रॉलीची शेपूट डावीकडे न्यायची, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. उतारावर घोड्याचाच ब्रेक जास्त लागला, तर मागचा भार त्याला ढकलतो आणि गाडी सांध्यात दुमडते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली गाडी घाटात ब्रेक तापवून बसते. साध्या ट्रकवर दिलेल्या परीक्षेत यातले बरेचसे तपासलेच जात नाही. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यानंतर जोडवाहनांसाठी ‘ए’ वर्ग वेगळा ठेवला. आपल्याकडेही तळोजा एमआयडीसीतल्या रसायनांच्या टँकरवर बसणाऱ्याला ३ दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते. मालाच्या धोक्यासाठी वेगळी अट चालते, तर वाहनाच्या धोक्यासाठी का नको?

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की चालक आधीच मिळत नाहीत. नवी परीक्षा म्हणजे गरिबाला आणखी खेटे आणि एजंटाला आणखी कमाई. ही भीती खोटी नाही. म्हणूनच २०१९ मध्ये आठवी पासची अट काढली ते बरेच झाले. वर्षानुवर्षे क्लीनर म्हणून घाट उतरलेल्याला शाळेच्या दाखल्यासाठी अडवण्यात अर्थ नव्हता. नवी पायरीही कागदाची नको, हाताच्या कसबाची हवी: घोडा-ट्रॉली जोडणे, ट्रेलर मागे लावणे, उतारावर खालचा गिअर धरणे. दुसरा आक्षेप असा की अपघात होतात ते ओव्हरलोड आणि झोपेमुळे. तेही खरे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती, पण ती पाळून घेणे चालकाच्या हातात नसते. मालकाला आवरायलाच हवे. तरीही पुरेशी झोप घेतलेला चालक घाटात ट्रॉली सावरायला आपोआप शिकत नाही. ती शिकवणी आज रस्त्यावरच होते आणि तिची जोखीम शेजारून जाणारे सगळेच उचलतात.