ऋषिपंचमीचे ताट आणि बालके

भाद्रपद शुद्ध पंचमीस, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, घरोघरी ऋषिपंचमीची भाजी शिजते. मालाडजवळील मढसारख्या कोळीवस्तीत एरवी मासळीवर वाढलेली मुले या भाजीपुढे तोंड फिरवतात, आणि पालक भूक वाढविणारे औषध मागतात. आमच्या मते औषधाआधी ताट बदलावे.

अळू, सुरण, लाल भोपळा, शिराळे, पडवळ, भेंडी, मक्याचे कणीस हे या भाजीतील नेहमीचे घटक. मोठ्यांसाठी ते एकत्र शिजवावेत. मुलांसाठी मात्र निरनिराळे शिजवून केळीच्या पानावर मांडावेत. मध्ये भोपळ्याच्या केशरी फोडी, भोवती पडवळाच्या चकत्या, कडेला कणसाचे तुकडे, वर ओले खोबरे. मिरची वर्ज्य.

भावप्रकाशाने कंदशाकांत सुरणास श्रेष्ठ मानले आहे. परंतु सुरण व अळू यांतील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाज आणतात. म्हणून दोन्ही चिंच वा कोकम घालून पूर्ण शिजवावीत. एकदा घसा खाजला की मूल पुढे ती भाजी शिवतही नाही. वर्षाऋतूत अग्नी मंद असतो. यास्तव थोडे आणि गरम वाढावे.

औषधविक्रेत्यांनी बाटली देण्यापूर्वी पालकांस एवढे अवश्य सांगावे.