सर्वांत मागची गाडी

पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या वैशाखऱ्याच्या रस्त्याकडेला उभं राहिलं, की गाड्या मोजायचा खेळ छान रंगतो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत हा रस्ता इथे येतो आणि पुढे माळशेज घाट चढून ओतूरकडे जातो. समोर सह्याद्रीची काळी भिंत आणि तिच्यावरून कोसळणारे धबधबे! गाडी चालवायची हौस असलेल्यांना अशा रस्त्यावर एकट्याने जावंसं वाटत नाही. मग चार-सहा घरांचा मिळून बेत ठरतो, "चला, सगळ्या गाड्या काढू!"

बेत झकास. पण ताफा नेणं म्हणजे नुसतं एकामागून एक निघणं नव्हे.

आमच्या गावाला ताफे नवीन नाहीत बरं का! इथूनच नाणेघाटाची पायवाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांवरचा माल या वाटेने जुन्नरकडे जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण अजून आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं मानतात. व्यापाऱ्यांच्या तांड्याला तेव्हा 'सार्थ' म्हणत आणि तो नेणाऱ्याला 'सार्थवाह'. सगळ्यांना सुखरूप पोहोचवणं हे त्याचं काम. एकट्यानेच लवकर पोहोचला, तर तो कसला सार्थवाह?

आजच्या सार्थवाहानेही आधी मागच्या गाडीचा विचार करावा. दोन अनुभवी चालक निवडायचे. एक सर्वांत पुढे, दुसरा सर्वांत मागे. नवशिक्याची गाडी पहिल्या गाडीच्या लगेच मागे ठेवायची आणि तिला झेपेल तोच सगळ्यांचा वेग. मधल्या प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. फाटा आला की बाजूला थांबायचं, मागची दिसली की मगच पुढे निघायचं. सरळगावला शहापूरकडचा रस्ता फुटतो, तिथे चुकामूक व्हायला वेळ लागत नाही. प्रत्येक जण असा थांबत गेला, की शेवटची गाडी अडली तरी निरोप न धाडता पहिलीला कळतं! घाटात मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही, म्हणून थांबायच्या जागा घरीच कागदावर लिहून घ्याव्यात. हे काम मुलांकडे द्या. मोठ्यांपेक्षा ती चोख करतात.

ताफा सहा गाड्यांहून मोठा नको. जास्त असतील तर दोन गट करून अर्ध्या तासाच्या अंतराने निघावं. दोन गाड्यांमध्ये एसटी शिरू शकेल एवढी जागा हवीच.

आता घाट. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. का? तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा. चटका बसतो ना? उतारावर सारखा ब्रेक दाबला की तोही असाच तापतो आणि धरेनासा होतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. १८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ या बाई यूजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मोटारीने शंभराहून जास्त किलोमीटर गेल्या. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो! चढावर मुलांनी गाडी ढकलली आणि ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं.

रस्ता अरुंद असेल, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडचा नियमच आहे. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा. चारही इंडिकेटर लावून पळणारे ताफे दिसतात, त्यांचं मला काही पटत नाही. कोण कुठे वळणार, हे मागच्याला कळायचं कसं?

आणि एक गोष्ट मी वर्गात दर जूनमध्ये सांगते, ती आज पालकांनाही सांगते. रस्ता ओलांडणारं लहान मूल एक गाडी जाऊ देतं आणि 'गेली' म्हणून धावत सुटतं. त्याच्या हिशेबी गाडी एकच असते. ताफ्यात मात्र तिच्या मागे दुसरी असते, तिसरी असते. म्हणून गावातून जाताना पहिल्या गाडीने वेग कमी करून भागत नाही. शेवटच्या गाडीचा वेगही तितकाच कमी हवा, मागे पडली म्हणून तिने गावातच अंतर भरून काढू नये.

जोराच्या पावसात घाटात दरड कोसळते, कधी धबधब्यांवर जायला मनाईही असते. आदल्या दिवशी पोलिसांकडे चौकशी करावी आणि रस्ता बंद असेल तर निमूट बेत पुढे ढकलावा. धबधबा काही पळून जात नाही! गाड्या वळणावर उभ्या करू नयेत, दरडीखाली तर नाहीच.

जेवणार असाल, तर किती माणसं येणार ते आदल्या दिवशी कळवा. वीस जणांच्या भाकऱ्या ऐन वेळी थापायच्या म्हणजे चूल दोन तास पेटती ठेवावी लागते.