ओंबिलींचा जिवंत धोटा

कोकणात आंब्याखाली कॅमेरा रोखण्याआधी वर पाहावं. पानं जोडून केलेला हिरवा गोळा दिसला, तर ते ओंबिली या तांबड्या मुंग्यांचं घरटं. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. खरं नवल पुढे आहे. या कडा शिवायला लागणारं रेशीम प्रौढ मुंगीला काढता येत नाही, ते येतं अळीला. म्हणून कामकरी मुंगी अळीच तोंडात धरते आणि या कडेवरून त्या कडेवर धोट्यासारखी फिरवते! हे टिपायला मॅक्रो लेन्स, सौम्य केलेला फ्लॅश आणि चावे सोसायची तयारी हवी. घरी फोटो मोठा करून पाय जरूर मोजा. आठ भरले, तर तो ओंबिलीचं सोंग घेतलेला कोळी.