काचेभोवतीची चकचकीत पट्टी

मैत्रिणींनो, आज आपण बोलणार आहोत जुन्या मोटारगाडीबद्दल. हसू नका. गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली सासऱ्यांच्या काळातली फियाट उभी असलेली घरं आपल्या नाशिक जिल्ह्यात अजून आहेत. आणि ही गाडी तशी आपल्या नात्यातलीच! वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना काढला, तिथल्या गोळ्या आपण लहानपणी चघळल्या. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली.

अशी गाडी दुरुस्तीला दिली की रंगावर पैसे जातात, पण काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीकडे, म्हणजे बीडिंगकडे कुणी बघत नाही. ती नुसती शोभेची नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती काचेच्या रबराच्या खाचेत बसते आणि रबर काचेवर घट्ट धरून ठेवते. कुकरची रिंग सैल झाली की वाफ सुटते ना? तसंच इथे रबर सैल पडलं की पाणी आत शिरतं, खालच्या दोन कोपऱ्यांत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तर नव्या रंगाला एक-दोन पावसाळ्यांतच फोड येतात.

म्हणून कामाचा क्रम समजून घेऊ.

पट्टी काढताना ओढायची नाही. ती पातळ असते, एकदा मुडपली की वळ राहतो. डावी, उजवी, वरची, खालची अशा चिठ्ठ्या चिकटवून ती कापडात गुंडाळून ठेवायची. पट्टी रबरात कशी बसली होती, तेही बघून ठेवायचं. काही गाड्यांत काच बसवण्याआधीच ती रबरात घालावी लागते.

मग रबराखालचा पत्रा बघायचा. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचा. भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करूनच लावायचा. नुसती लांबी भरून वरून रंग मारला, तर ते फाटक्या गोधडीवर नवी चादर घातल्यासारखं! नंतर प्रायमर, मग रंग. रंग पुरता वाळू द्यायचा, नाहीतर रबर त्यात रुतून चिकटतं.

नवं रबर आधी काचेवर चढवायचं आणि त्याच्या बाहेरच्या खाचेत बारीक दोरी फिरवायची. साबणाचं पाणी लावायचं. तेल नको, तेलाने रबर फुगतं. एकीने बाहेरून तळव्याने काच हळू दाबायची, दुसरीने आतून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढते.

पट्टी वरच्या मधल्या भागापासून बसवायची, कोपरे शेवटी. रबर थोडा वेळ उन्हात ठेवलं की नरम पडतं. खाच उघडायला स्क्रू-ड्रायव्हर नको, गुळगुळीत लाकडी चीप घ्यायची. ब्लाउजला पायपिंग लावताना कोपऱ्यावर आपण कापड ताणत नाही. रबरही ताणायचं नाही. ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि सांध्यात फट पडते. जिथे पट्टी क्लिपांवर बसते, तिथे गंजक्या क्लिपा बदलायच्या आणि भोकांच्या कडा रंगवून घ्यायच्या. उघडं लोखंड, ॲल्युमिनियमची पट्टी आणि पाणी एकत्र आलं की धातू लवकर खातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देण्याआधी आतून काचेच्या कडेला वर्तमानपत्र लावा आणि बाहेरून तांब्याने पाणी सोडा. सुरुवात खालून करा, हळूहळू वर जा. कागद जिथे ओला होईल तिथे गळती. ती दुरुस्त होईपर्यंत हिशेब पुरा करू नका.

कारागिराला दोनच प्रश्न विचारा: "रबराखालचा पत्रा दाखवला का? पाणी टाकून बघितलं का?" गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून मागे उभं राहायचं नाही. पैसे घरातले आहेत, तपासायचा हक्कही आपला आहे.