फोटो हजार, पण नावे कुठे?

राजूर म्हटले की कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या डोळ्यांसमोर येतात. वणी तालुक्यातील या गावासारख्या कामगार वस्त्यांत पूर्वी फोटो ही चैन होती. कित्येक घरांत आजा-आजीचा एखादाच फोटो सापडतो, कित्येक घरांत तोही नाही. आज मात्र एका लग्नात पाचशे फोटो सहज निघतात. वाचकहो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पन्नास वर्षांनी नातवंडांनी ‘हा कोण?’ असे विचारले, तर उत्तर कोण देणार? राबणाऱ्या माणसाची नोंद दुसऱ्या कुणी ठेवेल, या भरवशावर आपण राहू नये. घरचा फोटो हा आपला दस्तऐवज आहे, असे आम्ही मानतो.

पहिले काम, कार्डावरील फोटो संगणकावर उतरवून घेणे. फोटो ४ एमबीचा धरला तर १६ जीबीच्या कार्डावर चार हजारांच्या आसपास मावतात. कार्ड भरले की घाईघाईत पुसले जाते. प्रत्येक प्रसंगाचे वेगळे फोल्डर करावे आणि नावात वर्ष आधी लिहावे. जसे ‘२०२३-०४-१४ राजूर भीमजयंती’. म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख व वेळ नोंदवतो. जपानमध्ये १९९५ साली ठरलेल्या या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. बॅटरी पार उतरली की कॅमेऱ्याचे घड्याळ चुकू शकते, म्हणून आधी तारीख तपासावी. जुना फोटो स्कॅन केला तर फाइलवर स्कॅनची तारीख पडते. खरे साल हाताने भरावे लागते.

नावे लिहिण्यासाठी ‘डिजिकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज आणि लिनक्सवर चालते. त्यात चेहऱ्याला नाव देता येते, मथळा मराठीत लिहिता येतो, एकसारखे फोटो शोधता येतात आणि अनेक फोटोंची चुकलेली तारीख एकदम सुधारता येते. मात्र सेटिंगमध्ये माहिती फोटोच्या फाइलमध्येच लिहिण्याची सोय चालू आहे ना, हे पाहावे. गुगलचे ‘पिकासा’ अनेकांच्या संगणकावर होते. २०१६ साली कंपनीने ते बंद केले. सॉफ्टवेअर गेले तरी नावे फोटोसोबत राहिली पाहिजेत.

व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठविलेला फोटो लहान होतो आणि त्यातील तारीखही निघून जाते. मूळ फोटो हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. सगळ्या फोटोंची एक प्रत संगणकावर व दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. एका घरात पाणी शिरले तरी दुसरी प्रत वाचते.

घरी संगणक नसेल तर शिकणाऱ्या मुलामुलींनी दोन-चार घरांचे काम मिळून करावे. रविवारी आजीला शेजारी बसवावे, एकेक फोटो दाखवावा, ती सांगेल ते नाव, गाव आणि नाते लिहून घ्यावे. भट्टीवर तिच्यासोबत कोण होते, हेही विचारावे. फोटो यंत्र काढते, पण त्यातला माणूस कोण हे घरची म्हातारी माणसेच सांगू शकतात. ती आहेत तोवर हे काम उरकून घ्या.