हळदीची परीक्षा माशाच्या रक्तात

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा निघतो तेव्हा हळकुंड, गड्डा, कणी असे वेगवेगळे ढीग लागतात. खरेदीदाराच्या डोळ्यासमोर मसाला असतो, औषध असतं. मत्स्यशास्त्रज्ञांना मात्र याच हळदीत रोहू माशाचं खाद्य दिसतं.

हळदीची थोरवी सांगलीला नवी नाही. जवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती वर्षानुवर्षे टिकायची; २००५ च्या महापुराने त्या पेवांचं मोठं नुकसान केलं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं.

ती माशाच्या खाद्यात आणण्याचं कारण मात्र एक रोग आहे. रोहू, कटला, मृगळ या तळ्यातल्या माशांचा जुना वैरी म्हणजे एरोमोनास हायड्रोफिला. हा जिवाणू तळ्यात कायम असतो. पाणी बिघडलं, दाटी झाली की अंगावर लाल चट्टे उठतात, जखमा होतात, पोट फुगतं. खाद्यातून प्रतिजैविकं दिली तर त्यांचा अंश पाण्यात आणि गाळात उतरतो आणि जिवाणू निगरगट्ट होतात. म्हणून हळद, लसूण, तुळस यांच्यावर प्रयोग सुरू झाले. रोहूला हळद चारून मग याच जिवाणूला तोंड द्यायला लावणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगांतली एक चाचणी पाहण्यासारखी आहे. माशाच्या हाडांत रक्त घडवणारी मज्जा नसते. रक्तपेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात. त्यांतल्या भक्षक पेशी जिवाणू गिळतात आणि ऑक्सिजनच्या जहाल रेणूंनी त्यांना मारतात. रक्ताच्या थेंबात एनबीटी हे पिवळं रसायन मिसळलं की सज्ज झालेल्या पेशीत गडद निळे कण उमटतात. माशाची लढायची तयारी किती आहे, ते असं डोळ्यांना दिसतं!

पण प्रयोगाच्या टाकीतून तळ्यात उतरलं की अडचणी सुरू होतात. हळदीतलं गुणकारी पिवळं द्रव्य, कुरकुमिन, पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फार थोडं रक्तात जातं, उजेडात आणि चुन्याच्या पाण्यात लवकर विघटित होतं. हळदीत त्याचं प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के, तेही वाणागणिक वेगळं. म्हणजे चमचा तोच असला तरी मात्रा तीच राहत नाही. शिवाय रंगासाठी शिसेयुक्त भेसळ झालेली हळद माशाला आणि तो खाणाऱ्याला विषच.

साताऱ्याच्या कोयना, धोमच्या विस्तीर्ण जलाशयांत मोकळा मासा नैसर्गिक अन्नावर जगतो; तिथे हळद घालायची कशात? तिचा उपयोग हाताने खाद्य पडतं अशा शेततळ्यांत आणि पिंजऱ्यांत. तिथेही ढगाळ पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळू लागले तर त्यांना प्राणवायू हवा असतो, हळद नव्हे. त्यामुळे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सल्ला देण्याआधी शेजारच्या दोन शेततळ्यांत एकाच दिवशी सारखं बीज सोडावं, एकाच्याच पेंड-कोंड्यात मोजून हळद घालावी आणि काढणीपर्यंत वजन, मरतूक, खर्च यांची नोंद ठेवावी.